पांढरी पाचच्या जरा वर

संगणकाला लावलेले स्पीकर आवाज करतात असं कुणी म्हटलं, की मी आधी विचारतो, कसला? टर्र-टर्र, चिर्र की घूं? आमच्याकडे हे तिन्ही एकाच वेळी नांदत होते आणि म्हणूनच प्रकरण लांबलं. एक इलाज केला की त्रास थोडा कमी व्हायचा, पण जायचा नाही. मग वाटायचं, इलाजच चुकला. इलाज बरोबर असायचा, फक्त तिघांपैकी एकाचाच असायचा.

आधी मांडणी सांगतो, कारण सगळी गोम तिच्यातच होती. पुण्यातली ऐंशीच्या दशकातली इमारत. हॉलच्या कोपऱ्यात टेबल, टेबलावर डेस्कटॉप. शेजारी वडिलांच्या वेळचा स्टीरिओ अ‍ॅम्प्लिफायर: पत्र्याचा डबा, टू-पिनची वायर, आत हाताला जड लागेल असा ट्रान्सफॉर्मर. त्याला दोन लाकडी स्पीकर. अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीमागे ‘ऑक्स’वर संगणक आणि ‘टेप’वर टीव्ही. टीव्हीला सेट टॉप बॉक्स आणि सेट टॉप बॉक्सला गच्चीवरून उतरलेली केबल. म्हणजे गाणी संगणकावरची, क्रिकेट टीव्हीवरचं, आणि आवाज मात्र दोन्हींचा त्याच दोन खोक्यांतून.

घूं सगळ्यात जास्त जाणवायची ती विलंबित ख्याल ऐकताना. गाणारा श्वास घ्यायला थांबला की ही हजर. माझी बायको गाणं शिकवते. तिच्या कानाला ते फार लागायचं. एका संध्याकाळी ती पेटी घेऊन स्पीकरसमोरच बसली, दोन-तीन पट्ट्या दाबून पाहिल्या आणि म्हणाली, ‘‘पांढरी पाच आहे. जरा चढी.’’

हे निदान मला तेव्हा गमतीचं वाटलं, पण ते अचूक होतं. खालच्या सप्तकातली पांढरी पाच ९८ हर्ट्झची. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, आणि तिची दुप्पट १००. अर्ध्या सुराच्या साधारण तिसऱ्या हिश्शाने चढी. म्हणजे ही घूं गाण्यातली नाही, स्पीकरच्या फाटलेल्या पडद्याचीही नाही. ती भिंतीतून येते. न्यू जर्सीतल्या भाच्याला हे सांगितलं तर त्याने त्याच्याकडच्या स्पीकरशी पेटीचं अ‍ॅप लावून पाहिलं. तिथली वीज ६० हर्ट्झची, त्यामुळे त्याची घूं काळी पाच आणि पांढरी सात यांच्या बरोबर मध्ये कुठेतरी लोंबकळते. गाणाऱ्या घरात त्यापेक्षा आपली बरी.

टर्र-टर्र सगळ्यात आधी सुटली. टर्र-टर्र-टर्र, टर्र-टर्र, आणि मग आईचा फोन वाजायचा. फोन वाजण्याच्या आधी स्पीकरला कळायचं, याचं तिला कौतुकच होतं. तिचा फोन बटणांचा, टूजीवरचा, आणि ठेवण्याची जागा अ‍ॅम्प्लिफायरच्या डोक्यावर. टूजीचा फोन सलग बोलत नाही. टॉवरशी तो तुकड्या-तुकड्यांत बोलतो, सेकंदाला सुमारे २१७ वेळा. प्रत्येक तुकडा पुरेसा जोरकस असतो, आणि आवाजाची साधी वायर त्याला अँटेनासारखी पकडते. रेडिओलहरी आपल्याला ऐकू येत नाहीत, पण त्यांची सेकंदाला २१७ वेळा होणारी चालू-बंद मात्र अ‍ॅम्प्लिफायरमध्ये आवाज होऊन बसते. फोरजी-फाइव्हजीच्या फोनांमुळे हा प्रकार बऱ्याच घरांतून गेला. आमच्याकडे आईचा फोन हातभर लांब, शोकेसमध्ये गेला आणि टर्र-टर्र संपली. कौतुक संपल्याचं तिला थोडं वाईट वाटलं.

उरली चिर्र आणि घूं.

इथे बहुतेक लोक दुकान गाठतात. मी आधी एक चाचणी केली, जिला पैसे लागत नाहीत आणि जी केल्याशिवाय काही विकत घेऊच नये असं माझं ठाम मत आहे. अ‍ॅम्प्लिफायरचं आवाजाचं बटण पूर्ण खाली करायचं. घूं तितकीच राहिली तर दोष अ‍ॅम्प्लिफायरच्या आत, बटणाच्या पुढच्या भागात. जुन्या यंत्रात बहुतेक वेळा पॉवर सप्लायचे मोठे कपॅसिटर सुकलेले किंवा फुगलेले असतात. बटणाबरोबर घूं खाली-वर झाली तर ती बटणाच्या अलीकडून, म्हणजे बाहेरून किंवा वायरीतून आत येते आहे. आमची बटणाबरोबर नाचत होती. वडिलांचा अ‍ॅम्प्लिफायर निर्दोष सुटला, याचा मला जरा जास्तच आनंद झाला.

पुढची पायरी: संगणकात खोचलेली आवाजाच्या वायरीची पिन काढून पाहणे. इथे फसायला होतं. पिन नुसती उपटून टेबलावर ठेवली तर घूं उलट वाढते, आणि पिनेच्या टोकाला बोट लावलं तर भोंगाच वाजतो. कारण मोकळं टोक हवेतली वीज गोळा करतं आणि आपलं शरीर तर त्याहून जास्त. त्यावरून संगणक निर्दोष आहे असा निष्कर्ष काढणारे मी पाहिले आहेत. ती पिन कशात तरी घालूनच चाचणी करावी लागते. मी माझ्या मोबाइलमध्ये घातली, चार्जर न लावता. स्पीकर एकदम स्वच्छ. तोच मोबाइल चार्जिंगला लावला, तर बारीकशी गुणगुण. पुन्हा संगणकात घातली, तर घूं आणि चिर्र दोन्ही जागच्या जागी. म्हणजे वायर ठीक, अ‍ॅम्प्लिफायर ठीक, संगणकाबरोबर काहीतरी येतंय.

चिर्र ही माउसबरोबर चालायची. पान वर-खाली केलं की स्पीकरमध्ये किडा चालल्यासारखी चिर्र, थांबलं की बंद. पिन तेव्हा कॅबिनेटच्या पुढच्या भोकात होती, वाकायला नको म्हणून. पुढच्या भोकापासून मदरबोर्डापर्यंत आत एक बारीक वायर जाते, ती आमच्या डब्यात थेट ग्राफिक्स कार्डाला खेटून गेली होती. पडद्यावर काही हललं की कार्डाचा वीजवापर बदलतो, आणि त्याची छाया त्या वायरीवर पडते. पिन मागच्या हिरव्या भोकात घातली आणि चिर्र निम्म्याहून कमी झाली. उरलेली सेटिंगमध्ये सापडली: मायक्रोफोनचं इनपुट उघडंच होतं, वर त्याला बूस्ट दिलेला, आणि तो आवाज थेट स्पीकरकडे सोडलेला. ते बंद केलं. शिवाय संगणकाचा आवाज तीसवर आणि अ‍ॅम्प्लिफायर पुरता पिळलेला अशी आमच्या घरची रीत होती, ती उलटी केली: संगणक नव्वदवर, अ‍ॅम्प्लिफायर खाली. वायरीत गाणं जितकं मोठं तितका वाटेतला कचरा लहान. चिर्र गेली म्हणायला हरकत नाही; कान लावून ऐकली तर आहे.

घूं मात्र ढिम्म.

तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या गल्लीत गेलो. पुण्यात ज्याला सोल्डरिंगचा वास आवडतो त्याला तिकडे जायला निमित्तच लागतं. पहिल्या दुकानात यूएसबीवर चालणारं साउंड कार्ड काढून दिलं. ते मी आधीच मागून आणून लावून पाहिलं होतं: चिर्रवर उत्तम, घूंवर शून्य. कारण साधं आहे. यूएसबीच्या वायरीत सिग्नलच्या जोडीने ग्राउंडचीही तार असते, आणि ती संगणकाच्या पत्र्यालाच जोडलेली. घूं त्या तारेवरून येत असेल तर साउंड कार्ड बदलून ती दारातच अडणार कशी? दुसऱ्या दुकानातल्या मुलाने डोळा मिचकावून सांगितलं, ‘‘काका, संगणकाच्या थ्री-पिनला टू-पिनचं कन्व्हर्टर लावा. घूं गायब.’’

हा सल्ला फार ऐकायला मिळतो, आणि वाईट म्हणजे तो बरेचदा लागू पडतो. म्हणूनच तो धोक्याचा. तिसरी जाड पिन आवाजासाठी नसते. आत फेजची तार सुटून पत्र्याला लागली तर वीज त्या पिनेतून जमिनीत जावी आणि फ्यूज उडावा, यासाठी ती असते. ती काढली तर वीज वाट पाहते, आपला हात लागण्याची. घूंच्या बदल्यात हा सौदा करायचा नाही, हे मी ठरवूनच घरी आलो.

पण त्या मुलाच्या बोलण्याने लक्ष योग्य जागी गेलं: अर्थिंग. आवाजाची वायर काढलेली असताना, पावसाळ्यात अनवाणी पायांनी कॅबिनेटच्या मागच्या पत्र्याला हात घासला की बोटांना मुंग्या येतात, हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं आणि कुणालाच त्याचं काही वाटत नव्हतं. ती वायर काढून टेस्टर लावला तर आतला दिवा मिणमिणला. मल्टिमीटर काढला. फेज आणि न्यूट्रल यांच्यात २३०च्या आसपास, ठीक. कॅबिनेटचा पत्रा आणि न्यूट्रल यांच्यात एकशे दहा! हा आकडा पाहून पहिल्यांदा घाबरायला होतं, पण त्याला कारण आहे. संगणकाच्या पॉवर सप्लायमध्ये विजेतला कचरा गाळण्यासाठी दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजपासून पत्र्यापर्यंत आणि एक न्यूट्रलपासून पत्र्यापर्यंत. पत्रा अर्थिंगला जोडलेला असला की त्यातून झिरपणारी वीज निमूट जमिनीत जाते. अर्थिंग नसेल, तर पत्रा त्या दोन कपॅसिटरांच्या मध्ये टांगलेला राहतो, बरोबर निम्म्या दाबावर. प्रवाह एका मिलिअँपियरच्याही खाली, म्हणून नुसत्या मुंग्या. पण तेवढ्यालाही वाट हवी असते, आणि आमच्या घरी तिला वाट होती: आवाजाच्या वायरीचं शील्ड, म्हणजे आतल्या तारेभोवतीचं जाळीचं वेष्टन. तिथून अ‍ॅम्प्लिफायरचा पत्रा, आणि तिथून पुढे कुठे, ते मला अजून कळायचं होतं.

मोबाइलवर आवाजाचा आलेख काढणारं एक फुकट अ‍ॅप घेतलं आणि फोन स्पीकरसमोर धरला. ५०, १००, १५०, २००, २५०... पार वरपर्यंत, सारख्या अंतरावर रोवलेल्या कुंपणाच्या खुंटांसारखे उभे. ५०चा खुंट प्रत्यक्षात छोटा दिसतो, कारण आमच्या स्पीकरला इतका खर्ज निघत नाही. म्हणून कानाला १०० ऐकू येतो आणि बायकोला पांढरी पाच सापडते. वरचे खुंट जास्त होते म्हणून घूंला धार होती. शुद्ध गुणगुण नाही, करकर मिसळलेली.

अर्थिंगचं काम स्वतः करायचं नाही, एवढी अक्कल मला आहे. इमारतीतलं काम पूर्वीपासून करणारे, परवाना असलेले वायरमन आले. त्यांनी मल्टिमीटरकडे बघितलंही नाही. पिशवीतून होल्डरला लावलेला साधा बल्ब काढला. फेज आणि न्यूट्रलमध्ये धरला, लखलखला. फेज आणि तिसऱ्या भोकात धरला, काळा. ‘‘साहेब, इथे वायरच नाही,’’ म्हणाले, आणि बोर्ड उघडून दाखवला. खरंच, तिसरा स्क्रू कोरा करकरीत, कधी आवळलेलाही नाही. टेबल करून घेतलं तेव्हा कुणीतरी शेजारच्या दिवा-पंख्याच्या बोर्डातून दोन वायरी ओढून हा बोर्ड उभा केला होता. तिसरं भोक शोभेचं.

त्यांच्या हाताखालच्या पोराने विचारलं, ‘‘न्यूट्रलमधूनच लूप मारू का?’’ त्यावर त्याला जे ऐकावं लागलं ते इथे लिहिता येणार नाही, पण मुद्दा पक्का होता. न्यूट्रलचा एक तुकडा तिसऱ्या भोकाला जोडला तर बल्ब पेटतो, घरमालक खूश होतो. पुढे कधी मागची न्यूट्रल तुटली की तोच तुकडा पूर्ण २३० व्होल्ट संगणकाच्या पत्र्यावर आणून ठेवतो. नवी वायर मेन बोर्डापासूनच ओढायला हवी, आणि ती ओढली.

मग ते खाली अर्थिंगचा खड्डा बघायला गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत. सोसायटीने पार्किंगला पेव्हर ब्लॉक बसवताना खड्ड्याचं झाकणही गाडून टाकलं होतं. जमिनीतला पाइप, भोवतीचं मीठ आणि कोळसा, उन्हाळ्यात वरून ओतायचं पाणी, ही सगळी व्यवस्था ब्लॉकखाली तहानलेली. सेक्रेटरींना बोलावलं, दोन ब्लॉक निघाले, बादलीभर पाणी गेलं. वर येऊन वायरमननी न विचारता घरातल्या बाकीच्या बोर्डांवरही बल्ब फिरवला. गीझर ठीक. वॉशिंग मशीन ठीक. फ्रिजच्या बोर्डावर बल्ब पुन्हा काळा. त्या फ्रिजला आई रोज ओल्या हाताने उघडते. स्पीकरच्या घूंमुळे तो बोर्ड सापडला, हे मी घूंच्या जमेच्या बाजूला लिहून ठेवलं आहे. त्याच आठवड्यात मेन बोर्डात आरसीसीबी, म्हणजे वीज जमिनीकडे गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विचही बसवला.

संगणक लावला. मुंग्या गेल्या, पत्रा आणि न्यूट्रल यांच्यात दोनेक व्होल्ट, अगदी जसं असावं तसं. स्पीकर चालू केले. करकर गेली होती. घूं होती.

बदललेली घूं. आता ती मऊ होती, गोल, आलेखावर ५० आणि १००चे खुंट उभे आणि वरचे जवळजवळ आडवे. बायको म्हणाली, ‘‘आता निदान सुरात लागते.’’ मला मात्र वायरमनचे पैसे देऊन पुन्हा तिथेच आल्यासारखं वाटलं.

सुटका झाली ती एका वेगळ्या निरीक्षणाने. रात्री संगणक बंद केला, अ‍ॅम्प्लिफायर चालूच राहिला होता. घूं चालू! संगणक झोपलेला, पंखा बंद, एकही दिवा नाही, आणि घूं तश्शीच. बोर्डाचं बटण बंद केलं. तरीही. मग प्लगच भिंतीतून उपटला, आणि घूं तुटली. बटण फक्त फेज तोडतं. प्लग उपटला की अर्थिंगही सुटतं. म्हणजे घूं संगणकाच्या कुठल्याच भागातून येत नव्हती. ती त्याच्या नव्याकोऱ्या, बिनचूक अर्थिंगच्या तारेतून येत होती.

एका तारेतून वीज वाहायची तर दुसरं टोक कुठेतरी जमिनीला टेकलेलं हवं. अ‍ॅम्प्लिफायर टू-पिनवर, त्याला अर्थिंग नाही. मग दुसरं टोक? प्लग परत घातला, आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या मागची टीव्हीची वायर काढली. शांत. ती परत लावली, आणि सेट टॉप बॉक्समागे जाऊन केबलचा पिळाचा जोड सोडवला. शांत. पुन्हा पिळला, घूं.

तर असा तो फेरा होता. इमारतीच्या खड्ड्यातून अर्थिंगच्या हिरव्या तारेने संगणकाच्या पत्र्यावर, तिथून आवाजाच्या वायरीच्या शील्डवरून अ‍ॅम्प्लिफायरमध्ये, तिथून टीव्हीच्या वायरीने टीव्हीत, सेट टॉप बॉक्समध्ये, केबलच्या जाळीदार शील्डवरून गच्चीवर, आणि गच्चीवरून पुढच्या कुठल्याशा इमारतीवर, जिथे केबलवाल्याने आपलं शील्ड जमिनीला टेकवलं असेल. दोन वेगळ्या जमिनी. आपण जमीन म्हणजे शून्य व्होल्ट असं धरून चालतो, पण दोन ठिकाणच्या जमिनी क्वचितच सारख्या असतात. मोकळ्या केबलचं शील्ड आणि कॅबिनेटचा पत्रा यांच्यात मी मोजलं तर सव्वा व्होल्टच्या आसपास आलं. जोडल्यावर तो फरक बराचसा ढासळतो, पण त्याच्यामुळे शील्डमधून ५० हर्ट्झचा प्रवाह फिरत राहतो. आणि शील्ड हेच आवाजाच्या सिग्नलचंही परतीचं टोक. त्यात एक मिलिव्होल्टचा जरी फरक पडला तरी तो गाण्यात मिसळतो. संगणकाचा सिग्नल एक व्होल्टच्या घरातला, म्हणजे घूं त्याच्या हजारावा हिस्सा. तबला चालू असताना कुणाला कळणार नाही; आलाप चालू असताना मात्र कळतं.

पहिली करकरही आता उलगडली. तेव्हा हिरवी तार नव्हती, पण संगणकातून झिरपणारी वीज याच रस्त्याने केबलवाल्याच्या जमिनीकडे पळत होती. अर्थिंग केलं, तिला जवळची वाट मिळाली, करकर गेली. आणि नवी तार आल्यामुळे फेरा पुरा झाला, मऊ घूं आली. टू-पिनचा कन्व्हर्टर लागू का पडतो, तेही कळलं: तो फेरा तोडतो. चुकीच्या जागी.

योग्य जागा कुठली? केबल इमारतीत शिरते तिथेच तिचं शील्ड इमारतीच्या अर्थिंगला बांधलं तर दोन जमिनींमधला फरक घरात येतच नाही. केबलवाल्याच्या माणसाला हे सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘चित्र येतंय ना?’’ चित्र येत होतं.

मग ट्रान्सफॉर्मरचा आयसोलेटर आणून पाहिला. तपकीर गल्लीत काडेपेटीएवढा मिळतो, वायरीच्या मध्ये घालायचा. आत एकास एक गुंडाळ्यांचे दोन ट्रान्सफॉर्मर, आवाज चुंबकातून पलीकडे जातो आणि तार तुटलेली राहते. घूं पूर्ण गेली. पण डग्ग्याची घुमकही बरीचशी गेली. इतक्या छोट्या गाभ्यात खर्ज मावत नाही. चांगल्या, मोठ्या गाभ्याचे आयसोलेटर मिळतात, पण त्यांची किंमत अ‍ॅम्प्लिफायरच्या आजच्या किमतीच्या वर जात होती. पॉडकास्ट ऐकणाऱ्याने काडेपेटीवर भागवावं. आमच्याकडे ते खपलं नसतं.

शेवटी लक्ष गेलं टीव्हीच्या पाठीवरच्या एका छोट्या चौकोनी झडपेकडे, जिच्या आत लाल उजेड दिसतो. ऑप्टिकल. तोशिबाने १९८३ साली आणलेली ही पद्धत: आवाज उजेडाच्या रूपात प्लास्टिकच्या तंतूतून जातो. तंतूत तांब्याचा कणही नाही, तर फेरा होणार कशातून? टीव्ही आणि अ‍ॅम्प्लिफायरमधली तार काढून तिथे हा तंतू घालायचा आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या तोंडाशी उजेडाचा पुन्हा आवाज करणारी एक डबी बसवायची. डबी पाचशेच्या आतबाहेर मिळाली. टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाज पीसीएम या साध्या डिजिटल प्रकारावर ठेवावा लागतो, नाहीतर साध्या डबीला डॉल्बीचं काही कळत नाही आणि ती गप्प बसते.

लावली. घूं गेली नाही.

थोडा वेळ मी नुसता बसून राहिलो. मग डबीला वीज कुठून दिलीय ते पाहिलं. डबीबरोबर यूएसबीची छोटी वायर आली होती आणि टीव्हीला यूएसबीचं भोक मोकळं होतं, सोयीचं, म्हणून तिथे खोचली होती. त्या वायरीत पाच व्होल्टच्या जोडीला ग्राउंडची तार. उजेडाने जी तार तोडली ती विजेच्या वायरीने पुन्हा सांधली. यूएसबी टीव्हीतून काढून मोबाइलच्या जुन्या चार्जरवर लावली. त्यानंतर अ‍ॅम्प्लिफायर पुरता उघडला तरी स्पीकरमधून फक्त बारीकशी सूं येते, जी जुन्या अ‍ॅम्प्लिफायरची स्वतःची आहे आणि तिच्यावर माझं काही म्हणणं नाही. चार्जर मात्र बऱ्यापैकी असावा. पहिल्यांदा हाताला लागला तो स्वस्तातला होता आणि त्याने स्वतःची एक शिट्टी आणली. दुसरा लावल्यावर ती गेली.

पंखा दोनवर असला की एक हलकी करकर अधूनमधून येते. रेग्युलेटर जुन्या गोल बटणाचा, ट्रायकवाला. तो विजेची लाट मध्येच कापून पंखा हळू करतो आणि त्या कापाकापीचा आवाज आसपास पसरतो. पायऱ्यांचा, कपॅसिटरवाला रेग्युलेटर बसवला की तेही थांबेल. वायरमनना सांगून ठेवलं आहे. तोवर पंखा पाचवर. पूर्ण उघडा असला की तो काही कापत नाही.

तक्रार एकच उरली आहे आणि ती आईची. तंतूतून आवाज एकाच पातळीवर बाहेर पडतो, त्यामुळे टीव्हीच्या रिमोटवर कमी-जास्त केलेलं स्पीकरला कळत नाही. मालिकेत जाहिरात लागली की तिला उठून अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत जावं लागतं. ती म्हणते, ‘‘घूं होती ती काय वाईट होती? रिमोट तरी चालत होता.’’ टीव्हीच्या सेटिंगमध्ये कुठे काही सापडतंय का, ते शोधतो आहे.